पाण्याचा टँकर ओढताना चढावर तापणारा ट्रॅक्टर

या वेळचे पत्र सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातून आले आहे. पत्र दीर्घ आहे, म्हणून त्यातील मुद्द्याचा भाग तेवढा येथे देतो.

“माझे वय ६१ वर्षे आहे. दोन एकर डाळिंब जगवण्यासाठी एप्रिलपासून सात किलोमीटरवरच्या पाहुण्यांच्या विहिरीवरून पाणी आणतो. टँकर ५,००० लिटरचा आहे आणि ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, बारा वर्षांचा. विहिरीवर वीज दिवसाची असली की दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान तीन खेपा होतात. वाटेत दीड किलोमीटरचा कच्च्या रस्त्याचा चढ आहे. तिथे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. मग पुतण्या गाडी थांबवतो, झाकण उघडतो आणि टँकरच्या नळाचे पाणी रेडिएटरमध्ये ओततो. रोज दोन-तीन लिटर पाणी लागते. कोणी म्हणते थर्मोस्टॅट काढून टाका, कोणी म्हणते रेडिएटरवर ओले पोते बांधा. पुतण्याचे म्हणणे असे, की वरच्या गिअरमध्ये जोरात चढून गेले की कमी वेळ तापेल. मागच्या दिवाळीत उसाच्या वाहतुकीसाठी इंजिनाचा डिझेल पंप थोडा वाढवून घेतला होता. जानेवारी ते मार्च ट्रॅक्टर ज्वारीच्या मळणीवर होता. बाग वाचवायची आहे आणि इंजिन उतरवण्याइतका पैसा नाही. काय करावे?”

नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण सारे काही जसे घडले तसे लिहिले आहे आणि त्यामुळेच उत्तर देणे शक्य झाले आहे. इंजिन तापण्याची कारणे आपल्या पत्रातच एकामागून एक सापडतात. एक गोष्ट मात्र आज संध्याकाळीच पुतण्याला सांगावी, बाकी सर्व नंतर. लाल पट्ट्यात काटा असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. ते झाकण नुसते झाकण नसून त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती आतील पाणी साधारण ०.९ बार दाबाखाली ठेवते. त्या दाबामुळे साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब निघून जातो आणि ११० अंशांचे पाणी त्या क्षणी उकळून वाफेसह तोंडावर उसळते. पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हातावर असे पाणी आले होते. सहा आठवडे मला त्या हाताने जेवता आले नाही, आणि डोळे वाचले ते केवळ मान वळलेली होती म्हणून. पुतणे तरुण आहेत, त्यांना हे सांगताना माझा हा अनुभव अवश्य सांगावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश काम करते, एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली जवळपास एक तृतीयांश उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते. म्हणजे ट्रॅक्टर जेवढे ओढतो, तेवढाच भार दुसऱ्या बाजूने रेडिएटरवरही पडत असतो. रेडिएटर ही उष्णता किती लवकर सोडू शकेल, हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पहाटे आपल्याकडे हवा २७ अंशांची असेल आणि पाणी ९५ अंशांचे, तर फरक ६८ अंशांचा होतो. मे महिन्याच्या दुपारी हवा ४३ अंशांची असते तेव्हा तोच फरक ५२ अंशांवर येतो. याचा अर्थ असा, की कोणताही बिघाड नसलेला, अगदी नवा रेडिएटरसुद्धा सोलापूरच्या दुपारी पहाटेपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी काम करतो. तापलेल्या मुरमाच्या रस्त्यालगतची हवा तर याहूनही गरम असते. कंपनीने एवढा वाव ठेवलेला असतो, म्हणून निरोगी ट्रॅक्टर उन्हातही चालतो. पण त्या वावातला काही भाग भुसकटाने, काही क्षाराने आणि काही वाढवलेल्या पंपाने खाल्ला, की चढावर शिल्लक काहीच राहत नाही. आपल्या ट्रॅक्टरचे असेच झाले आहे, असे माझे मत आहे. एकच मोठा दोष शोधत बसलात तर तो सापडणार नाही.

सुरुवात भुसकटापासून करावी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ज्वारीच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, यंत्र फिरवतो आणि त्याचा पंखा समोरची हवा सतत आत ओढत असतो. मालदांडीचा बारीक कोंडा, पात्याचे तुकडे आणि धूळ ही सगळी त्या हवेबरोबर रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते. कुठून तेलाचा थोडासा ओलावा मिळाला की तिचा थर लिंपल्यासारखा घट्ट होतो. बाहेरून पाहिले तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण थर आत असतो. मळणीच्या हंगामानंतर लगेच टँकरचा हंगाम येतो आणि मधे कोणी रेडिएटर धूत नाही, हे मी आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडावे, पुढची जाळी काढावी, आणि पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला, म्हणजे हवा ज्या दिशेने येते त्याच्या उलट, आधी हवेचा आणि मग पाण्याचा साधा फवारा मारावा. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोरदार फवारा जवळून मारला, तर पातळ पत्रे वाकून वाट कायमची बंद होते, म्हणून नळी हातभर दूर धरावी. पलीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करत राहावे. अर्धा तास लागेल. रेडिएटर धुऊन झाल्यावर त्याच्या पत्र्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो का, ते पाहावे. पुढे टँकरच्या हंगामात जाळी रोज झटकावी आणि रेडिएटर आठवड्यातून एकदा धुवावा. जाळीसमोर हार, पाटी, जादा दिवे किंवा गुंडाळलेला दोर बांधलेला असेल, तर तोही काढून ठेवावा.

ओल्या पोत्याचा सल्ला याच कारणाने चुकीचा ठरतो. पाणी उडून जाताना थंडावा देते हे खरे असले, तरी पोते हवेचा मार्ग अडवते, आणि ते वाळायला अशा दुपारी दहा मिनिटेही लागत नाहीत. त्यानंतर चढभर रेडिएटरच्या तोंडावर कोरडे गोणपाट राहते.

यापुढचा मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या मागे पाच हजार लिटर पाणी असताना रेडिएटरला पाण्याची काय कमतरता, असे कोणालाही वाटेल. परंतु तेच पाणी आपल्या इंजिनाला आतून बंद करत आहे. आपल्या भागातल्या विहिरींचे आणि त्याहूनही बोअरचे पाणी जड असते. घरच्या तांब्याच्या बंबात किंवा गिझरमध्ये पांढरा थर साचतो, तो आपण पाहिलाच असेल. पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार वेगळे होतात आणि जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथेच, म्हणजे लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या) बाहेरच्या बाजूला आणि हेडमधल्या (सिलिंडरवरच्या भागातल्या) अरुंद वाटांमध्ये, चिकटतात. या थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ओतीव लोखंडाच्या तुलनेत वीसपटीहूनही कमी असते. म्हणून नखाच्या जाडीचा थर झाला, तरी लायनरची उष्णता पाण्यापर्यंत पोचायला अडखळते, आणि काटा मर्यादेत दाखवत असतानाही धातू आतून जास्त तापलेला असू शकतो. रोज दोन-तीन लिटर असे पाणी, म्हणजे महिन्याला साठ ते नव्वद लिटर पाण्यातला क्षार, आपण त्या इंजिनात भरला आहे. बंबाचा थर काढता येतो. ब्लॉकच्या कोपऱ्यातला काढणे अवघड असते.

रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचे कूलंट वापरतात ते केवळ थंडीत गोठू नये म्हणून, असा आपल्याकडे समज आहे आणि सोलापुरात बर्फ पडत नसल्याने ते अनावश्यक खर्चाचे वाटते. खरे तर कूलंटमधले ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळल्यास मिश्रण दाबाशिवायही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यातील रसायने गंज व क्षार रोखतात. डिझेल इंजिनाच्या ओल्या लायनरला पाण्यातल्या बुडबुड्यांमुळे बाहेरून जी बारीक छिद्रे पडतात, त्यांपासूनही हीच रसायने संरक्षण देतात. मात्र जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड असे मानू नये. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता थोडी कमीच वाहून नेते, म्हणून निम्म्याहून अधिक कूलंट घालण्यात तोटा आहे. मिसळण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे किंवा तयार मिसळलेला कूलंट घ्यावा. आधीचा कोणता आहे हे माहीत नसताना दुसऱ्या प्रकारचा त्यात ओतू नये. सगळा काढून एकच भरावा. किती लिटर मावतो आणि किती तासांनी बदलायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत असते.

नवा कूलंट भरण्यापूर्वी आतली सफाई करावी लागेल, नाहीतर नव्या कूलंटचा उपयोग होणार नाही. रेडिएटर कुठे चोंदला आहे हे घरीच कळू शकते. इंजिन नेहमीइतके गरम करून बंद करावे, किल्ली काढून घ्यावी आणि पंखा पूर्ण थांबल्यावर रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळ तळहात फिरवावा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत गेली तर ठीक, पण मधेच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. थर पातळ असेल, तर रेडिएटर धुण्याचे तयार रसायन बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरून काम भागते. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरमध्ये थर जाड असेल, तर रेडिएटरचे काम करणाऱ्या कारागिराकडून वरची-खालची टाकी उघडून नळ्यांमधून सळई फिरवून घेता येते. रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि टाकी प्लास्टिकची असेल, तर सळई चालत नाही आणि सोडा किंवा ॲसिड तर मुळीच घालू नये; त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

रोज दोन-तीन लिटर पाणी जाते कुठे, हाही प्रश्न आहे. निरोगी इंजिनात ते जायला नको. बहुधा झाकणाचे रबर कडक झाले असावे; मग दाब टिकत नाही, पाणी शंभर अंशांच्या सुमारासच उकळते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते. झाकण बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा, हाताला लागेल ते दुसऱ्या गाडीचे झाकण बसवू नये. त्याशिवाय वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब येतो का आणि खालचा होज पाईप नरम पडला आहे का, हे पाहावे. रेस वाढवल्यावर नरम पाईप आतल्या ओढीने चपटा होतो, आणि ऐन चढावर पाण्याची वाट अरुंद होते. पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. तो सैल असेल, तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही घसरत फिरतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो, म्हणजे चढावर काटा लाल झालेला असताना तो निरोगी असेल तर आधीच पूर्ण उघडा असतो. काढल्याने काहीच वाढत नाही. उलट काही इंजिनांत पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट बाजूची आडवाट बंद करतो. तो काढला तर ती वाट उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनात शिरतो. शिवाय सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरते आणि लायनर झिजतो. बारा वर्षांचा थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो हे मात्र खरे. तो काढून, स्वयंपाकाला न लागणाऱ्या एखाद्या भांड्यात पाण्यासह तापवून पाहावा. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही, तर त्याच जागी नवा बसवावा.

आता पुतण्याच्या म्हणण्याबद्दल. त्यांचा विचार वरवर पाहता पटण्यासारखा आहे, म्हणून हिशेब मांडतो. पाणी पाच टन, टँकर दीड टन आणि ट्रॅक्टर दोन टन धरले तर एकूण साडेआठ टन होतात. चढ वीस फुटांस एक फूट असेल, तर नुसते वर नेण्यासाठी सुमारे ४२५ किलोचा जोर लागतो आणि कच्च्या रस्त्यावर चाके फिरवण्यासाठी आणखी अडीचशे किलोच्या आसपास. एवढा जोर लावत ताशी १५ किलोमीटरने चढायचे म्हटले, तर चाकांवर सुमारे ३८ अश्वशक्ती लागते. ताशी १० किलोमीटरने चढले, तर २५ पुरते. इंजिन ४५ अश्वशक्तीचे असले, तरी गिअरबॉक्स व टायर यांतून चाकांपर्यंत पोचते ते चाळिशीच्या आतच. म्हणजे वेगाने चढताना आपले इंजिन शेवटच्या थेंबापर्यंत काम करत असते आणि सावकाश चढताना तिसऱ्या हिश्श्याने कमी. चढ पार करायला सहाऐवजी नऊ मिनिटे लागतात हे खरे आहे. परंतु रेडिएटर दर मिनिटाला जी उष्णता येते ती त्याच मिनिटाला सोडत असतो. मिनिटाची आवक मिनिटाच्या जावकीपेक्षा कमी राहिली, तर नऊ मिनिटे काय आणि तासभर काय, काटा लाल पट्ट्यात जात नाही.

याला जोडून गिअरची गोष्ट येते. वरच्या गिअरमध्ये चढ सुरू केला की अर्ध्यावर इंजिन दमते, त्याचे मिनिटाचे फेरे बाराशेवर येतात, काळा धूर निघतो, आणि पंखा व वॉटर पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने तेही मंदावतात. ज्या क्षणी सर्वाधिक हवा हवी, त्याच क्षणी ती सर्वांत कमी मिळते. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वी, सपाटीवरच, गिअर एक किंवा दोन पायऱ्या खाली घ्यावा आणि फेरे १,६०० ते १,८०० च्या दरम्यान ठेवून, रेस न बदलता सावकाश चढावे. आवाज मोठा येईल. त्याला घाबरू नये. धुराड्यातून काळा धूर दिसला, की अजून एक गिअर खाली, एवढा एक नियम पुतण्यांनी पाळला तरी पुष्कळ फरक पडेल. चढाच्या मधोमध भरल्या टँकरसह गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये, गाडी मागे घसरू शकते. उतरतानाही न्यूट्रल करू नये.

पंप वाढवल्याचे आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. त्याचा अर्थ प्रत्येक फेऱ्याला कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त डिझेल सिलिंडरमध्ये जाते. रेडिएटर मात्र जुन्याच हिशेबाचा आहे. जास्तीचे सगळे डिझेल जळायला हवा पुरत नाही, म्हणून धूर आणि उष्णता वाढते व ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ज्या पंपरूममध्ये टेस्टिंग बेंच आहे, तिथे नेऊन पंप कंपनीच्या मापावर आणून घ्यावा, नुसता अंदाजाने स्क्रू फिरवून नव्हे. त्याच वेळी एअर क्लीनरही पाहावा. मळणीच्या धुळीने त्याच्या वाटीतले तेल चिखलासारखे झाले असेल, तर इंजिनाचा श्वासच कोंडला आहे, आणि वाढवलेला पंप व कोंडलेला एअर क्लीनर ही जोडी फार वाईट. इंजिन ऑईलची पातळी रोज सकाळी, सपाट जागी पाहावी. पिस्टनखालची बरीच उष्णता ऑईलच वाहून नेते.

टँकरचीही एक तपासणी करावी. एक खेप झाल्यावर त्याच्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली, तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटला आहे, आणि आपला ट्रॅक्टर सात किलोमीटर ब्रेक ओढत येतो आहे. टायरमध्ये हवा कमी असली तरी हेच होते.

वेळेबद्दल आपली अडचण मला समजते. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री, तेव्हा विहिरीवर वीज असेल तेव्हाच टँकर भरणार. तरीही दिवसाच्या आठवड्यात शेवटचा टँकर सायंकाळी वीज जाण्यापूर्वी भरून तिथेच उभा ठेवता येईल, चाकांना दोन्हीकडून दगड लावून आणि पुढचा आधार टेकवून, आणि पहाटे साडेपाचला तो घेऊन निघता येईल. पाहुण्यांची परवानगी असेल, तर विहिरीजवळ ताडपत्रीचा छोटा हौद किंवा प्लास्टिकची टाकी ठेवून दिवसा वीज असताना ती भरून घ्यावी व टँकर पहाटे त्यातून छोट्या डिझेल पंपाने भरावा. मग सकाळी नऊपर्यंत दोन खेपा होतात आणि दुपारची एकच उरते. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात तर पहाटेच सर्व काम उरकावे. टँकर अर्धा भरून नेण्याचा विचार मात्र करू नये. आत आडवे पडदे नसतील, तर अर्धे पाणी हेलकावे खाते आणि वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. भार कमीच करायचा असेल, तर ३,००० लिटरचा टँकर पूर्ण भरून आणणे सुरक्षित.

एवढे करूनही एखाद्या दुपारी काटा चढू लागला, तर तो लाल होईपर्यंत वाट पाहू नये. पट्ट्याच्या अलीकडे असतानाच सपाट जागा पाहून, शक्य असल्यास सावलीत थांबावे, न्यूट्रल करावे, हँडब्रेक आणि दगड लावावेत, आणि इंजिन लगेच बंद न करता साधारण हजार फेऱ्यांवर पाच मिनिटे चालू ठेवावे. भार उतरलेला असतो, पंखा व वॉटर पंप चालू असतात, त्यामुळे काटा उतरू लागतो. इंजिन एकदम बंद केले, तर पाणी जागच्या जागी थांबते आणि हेडची उष्णता त्यातच साचून उकळी येते. याला अपवाद एकच. वाफ येत असेल, पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर चालू ठेवून काही मिळत नाही. तेव्हा ताबडतोब बंद करावे. त्यानंतर किमान पाऊण तास कशालाही हात लावू नये. तापलेल्या ब्लॉकवर किंवा आत एकदम थंड पाणी पडले, तर हेडला तडा जाऊ शकतो, आणि आपण ज्या खर्चाला घाबरत आहात तो हाच. थंड झाल्यावर जाड कपडा धरून झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब निघू द्यावा, मग काढावे.

इतक्या वेळा लाल पट्टा पाहिलेल्या इंजिनाच्या हेड गॅस्केटची, म्हणजे हेड व ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराची, मला काळजी वाटते. सफाई झाल्यावर एका सकाळी, थंड इंजिनाचे झाकण काढून ते चालू करावे व रेडिएटरच्या तोंडात पाहावे. सतत बारीक बुडबुडे येत असतील, ऑईलच्या काडीवर दुधी फेस असेल, किंवा चालू केल्यापासून दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर टँकर जोडू नये, आधी मेकॅनिकला दाखवावे. या टप्प्यावर गॅस्केट आणि हेडचे तोंड सपाट करून घेण्यावर काम भागते. तसेच चालवत राहिल्यास खरोखरच इंजिन उतरवावे लागेल. काट्याचीही खात्री करून घ्यावी. मेकॅनिककडे दुरून तापमान मोजणारे यंत्र असते. चढ चढून आल्याबरोबर थर्मोस्टॅटजवळ ते धरावे, म्हणजे काटा खरे बोलतो की नाही ते कळेल.

खर्चाचा विचार करून मी क्रम असा लावीन: पहिल्या दिवशी रेडिएटर धुणे, पट्टा ताणणे आणि खालचा गिअर, ज्यांना पैसे पडत नाहीत, त्याच आठवड्यात झाकण व थर्मोस्टॅट, मग आतली सफाई आणि कूलंट, आणि वाढवलेला पंप मापावर आणणे पुढच्या ऊस हंगामापूर्वी नव्हे तर याच महिन्यात. ट्रॅक्टरच्या मडगार्डजवळ तयार मिसळलेल्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन बांधून ठेवावा, म्हणजे वाटेत काही लागलेच तर टँकरच्या नळाकडे हात जाणार नाही. त्या कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि पिण्याच्या पाण्याच्या कॅनसारखा तो दिसणार नाही, याची काळजी घ्यावी. ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. काढलेला जुना कूलंटही गोठ्याजवळ किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहत जाईल असा ओतू नये. तो कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावा. उन्हाळ्यात तहानलेले वासरू किंवा कुत्रा जमिनीवरचे कोणतेही पाणी चाटतो.